मुंबईच्या गव्हर्नरांच्या बागा : परळ, दापोडी, गणेशखिंड आणि मलबार पॉइंट

सागरगोटा (धागाकर्ता)

परळला आज जिथे हाफकिन संस्था आहे, तिथे शंभराहून अधिक वर्षे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे निवासस्थान आणि त्याभोवतीची बाग होती. मुंबईच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी या वास्तूच्या भिंतींबद्दल, नाचघराबद्दल आणि तिथल्या मेजवान्यांबद्दल पुष्कळ लिहिले आहे. बागेची मात्र शोभेची वस्तू म्हणून दोन वाक्यांत बोळवण होते. माझे म्हणणे असे आहे की परळ, दापोडी, गणेशखिंड आणि मलबार पॉइंट या गव्हर्नरांच्या चार ठिकाणांच्या बागा सलग पाहिल्या, तर इलाख्यातील औषधांची लागवड, जंगलखाते आणि महाराष्ट्राची फळशेती या तिन्हींचे धागे त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचतात. तेवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

परळपासून सुरुवात करतो. पोर्तुगीज काळात इथे ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ आणि प्रार्थनामंदिर होते. जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या धर्मगुरूंनी जंजिऱ्याच्या सिद्दीला साहाय्य केल्याचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्यांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, त्यांत ही जागाही अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीकडे आली आणि पुढे प्रार्थनामंदिराच्या जागेत भोजनगृह व नाचघर झाले. इथे कायमचे राहायला येणारा पहिला गव्हर्नर म्हणून विल्यम हॉर्नबी याचे नाव घेतले जाते. त्याची कारकीर्द १७७१ ते १७८४ अशी होती, आणि महालक्ष्मी व वरळी यांमधली खिंड बुजवणारा बांधही त्याच्याच काळातला. त्या खिंडीतून भरतीचे पाणी बेटांच्या मधल्या सखल भागात शिरत असे. खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या जमिनीत भाजीपाला किंवा फळझाडे येत नाहीत. भरती अडवल्यानंतरही पावसाच्या पाण्याने तिचे मीठ धुऊन निघायला अनेक पावसाळे जावे लागतात. परळची बाग अशा भूभागाच्या शेजारी वाढली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्यामागचे कष्ट समजतात.

पाण्याचा प्रश्न त्याहून बिकट होता. विहार तलावाचे पाणी शहरात १८६० मध्ये आले. तोपर्यंत मुंबईतल्या प्रत्येक बागेची भिस्त विहिरी, तळी आणि पावसाळ्यातल्या सरींवर होती. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने आळ्यांना हाताने पाणी द्यावे लागते, अशा ठिकाणी हिरवळीपेक्षा मोठ्या वृक्षांची सावली हीच बागेची खरी कमाई असते.

गव्हर्नर वर्षभर एका जागी राहत नसत. हिवाळा मुंबईत, कडक उन्हाळा महाबळेश्वरला आणि पावसाळा पुण्याच्या बाजूला, असा त्यांचा क्रम एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. यामुळे एकाच पदाला अनेक बागा लाभल्या. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, म्हणजे १८२७ ते १८३० या काळात, पुण्याजवळ दापोडीचा बंगला सरकारने घेतला. तो फोर्ड नावाच्या अधिकाऱ्याचा होता. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा हाच सेनापती ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत दापोडीहून आपली फौज घेऊन इंग्रजांना जाऊन मिळाला होता. माल्कमने या बंगल्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू केले, आणि चारही बागांत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच.

१८३८ पासून दापोडीचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या शल्यवैद्याकडे होता. लष्कराला आणि सरकारी दवाखान्यांना लागणारी औषधे विलायतेहून समुद्रमार्गे येत, महाग पडत आणि पुष्कळदा वाटेतच निकामी होत. गिब्सनने सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारख्या औषधी वनस्पती दापोडीत लावल्या आणि तिथे तयार झालेला माल मुंबईच्या औषध भांडारात जाऊ लागला. गव्हर्नर ज्या आवारात पावसाळा काढत, त्याच आवारातल्या वाफ्यांत शिपायांच्या जुलाबाचे औषध पिकत होते. या कामासाठी सह्याद्रीत हिंडताना गिब्सनने डोंगर उघडे पडत चाललेले पाहिले, त्याविषयी सरकारला वारंवार लिहिले, आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. बागेचा अधीक्षक आणि जंगलांचा रखवालदार ही दोन्ही कामे काही वर्षे एकाच माणसाकडे राहिली.

त्याच सुमारास, १८४७ ते १८५० या काळात, गिब्सनने बागेतल्या वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता एवढेच सांगितले जाते. चित्रांवर त्याचे नाव उरलेले नाही. इतक्या बारकाईने पाने, फुले आणि बिया रेखाटणाऱ्या माणसाचे नाव लिहून ठेवावे असे त्या व्यवस्थेत कोणालाही वाटले नाही, याची खंत वाटते.

पुढे सर बार्टल फ्रिअर या गव्हर्नराने पुण्याच्या गणेशखिंडीत नवे गव्हर्नमेंट हाऊस बांधायला घेतले. १८६४ मध्ये सुरू झालेले हे काम १८७१ मध्ये पुरे झाले, आणि दापोडी मागे पडली. गव्हर्नरांच्या या नव्या वाड्याच्या परिसरात १८७३ मध्ये गणेशखिंड उद्यान उभे राहिले, ज्याची जबाबदारी जॉर्ज मार्शल वुड्रो या वनस्पतीशास्त्राच्या अध्यापकाकडे होती. तिथल्या आंब्याच्या कलमांपासून पुढे फळसंशोधनाची परंपरा सुरू झाली. फळसंशोधक डॉ. चीमा यांनी १९२७ मध्ये इथल्या रोपांतून निवडलेला पेरू ‘सरदार’ किंवा ‘लखनौ-४९’ या नावाने देशभर गेला. त्यांनीच आळंदी जातीच्या डाळिंबांतून १९३६ मध्ये निवडलेले वाण ‘जीबीजी-१’ म्हणून नोंदले गेले. ही तीन अक्षरे गणेशखिंड वनस्पती उद्यानाची आहेत. तेच डाळिंब आपण पुढे ‘गणेश’ म्हणून ओळखू लागलो.

मलबार पॉइंटविषयी मी मुद्दाम थोडक्यात लिहितो, कारण तिथल्या झाडांवर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे सदस्य इथे आहेत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ ते १८२७ या आपल्या कारकिर्दीत तिथे छोटा बंगला बांधला, आणि परळ सोडल्यावर १८८० च्या दशकात गव्हर्नर तिथे कायमचे राहायला गेले. सुमारे ५० एकरांचे हे आवार तीन बाजूंनी समुद्राने वेढलेले आहे.

गिरणगावकर

लेख आवडला. परळ सोडल्याचा आपण ओझरता उल्लेख केला आहे, त्यामागचे कारण जरा विस्ताराने मांडावेसे वाटते, कारण आमचा सगळा परिसर त्यातूनच घडला.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात ताडदेवला निघाली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्यात गिरण्या आणि त्यांच्यासाठी आलेल्या कामगारांची वस्ती दाटत गेली. सखल जमीन, पाण्याचा अपुरा निचरा आणि दाट वस्ती असलेल्या भागात पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरायला वेळ लागत नसे. सर जेम्स फर्ग्युसन गव्हर्नर असताना त्यांच्या पत्नी पटकीने गेल्या, आणि त्यानंतर परळची वास्तू गव्हर्नरांनी राहण्यास योग्य नाही हे मत पक्के झाले. शहरातल्या सर्वांत निरोगी जागी राहणे गव्हर्नरांना शक्य होते. कामगारांना ते शक्य नव्हते, ते परळलाच राहिले.

१८९६ मध्ये प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस मोठ्या प्रमाणावर बनवायची तर मोठी, मोकळी, हवेशीर जागा हवी होती. ती परळच्या रिकाम्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये मिळाली, आणि ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा तिथे आली. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिनांचे नाव देण्यात आले. रोगाच्या भीतीने सोडलेल्या जागेतच रोगावरची लस बनू लागली. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट केवळ बागेच्या इतिहासाचा भाग वाटत नाही. आमच्या आज्या-पणज्यांच्या दंडावर टोचलेली लस या आवारातून आलेली असे.

पाणंद

धागाकर्त्यांचा अभ्यास दिसतो, तरीही एका बाबतीत असहमती नोंदवणे मला आवश्यक वाटते. औषधे, जंगले आणि फळे यांचा उगम दाखवताना या बागा मुळात कोणाच्या सुखासाठी आणि कोणाच्या पैशाने उभ्या राहिल्या हे मागे पडते. गणेशखिंडीचे गव्हर्नमेंट हाऊस ज्या वर्षांत बांधले गेले, त्याच वर्षांत अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या बँका व व्यापारी बुडाले. वाड्याचे काम मात्र चालू राहिले आणि त्याच्या खर्चावर त्या काळीही कडक टीका झाली. पुढे २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या झडत्यांच्या आठवणी ताज्या असताना राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव याच वाड्यात साजरा झाला, आणि तिथून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. गणेशखिंडीची बाग त्या रात्री दिव्यांनी उजळलेली होती आणि शहरातली घरे प्लेगने रिकामी झाली होती, हे दोन्ही एकाच पानावर लिहिले गेले पाहिजे.

दुसरे, मजुरांचे. महाबळेश्वरला इंग्रजांनी चिनी आणि मलायी कैदी आणून ठेवले होते आणि तिथल्या साहेबांच्या भाजीपाल्याची, बटाट्याची पैदास त्यांच्या हातून होत असे. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. बागा कोणी लावल्या या प्रश्नाचे उत्तर माल्कम, गिब्सन आणि वुड्रो या तीन नावांत संपत नाही.

सागरगोटा (धागाकर्ता)

पाणंद, आपला मुद्दा योग्य आहे आणि तो या धाग्यात यायलाच हवा होता. माझ्या मते त्याने मूळ प्रतिपादन अधिक पक्के होते. या बागा गव्हर्नरांच्या सुखासाठी लावल्या गेल्या, रयतेच्या महसुलावर पोसल्या गेल्या, आणि तरीही त्यांतला टिकाऊ भाग गव्हर्नरांच्या हाती राहिला नाही. परळचे आवार लसीच्या कामी आले, गणेशखिंडीचा वाडा १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाला मिळाला, आणि शेजारच्या उद्यानातले डाळिंब सांगोल्याच्या माळावर पोहोचले. ज्यांच्या पैशाने बाग लागली त्यांच्यापर्यंत तिचे फळ यायला मधे कित्येक दशके आणि एक स्वातंत्र्यलढा जावा लागला, हे मी आपल्या मुद्द्याशी जोडून म्हणेन.

मुंबईतच याला समांतर असे दुसरे उदाहरण आहे. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान संस्थेची बाग शिवडीला होती. जॉन ग्रॅहम या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याने या संस्थेसाठी मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची सूची तयार केली. ती १८३९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाली. पुढे शिवडीची जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली गेली आणि संस्थेची बाग भायखळ्याला हलली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी जिचे उद्घाटन केले, तीच आपली राणीची बाग. तिच्या उभारणीत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या नागरिकांचा मोठा वाटा होता, आणि १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. ज्या काळात गव्हर्नर गणेशखिंडीत स्वतःसाठी बाग करत होते, त्याच काळात मुंबईकरांना त्यांची पहिली मोठी सार्वजनिक बाग मिळाली.

भेंडीचे पान

मलबार पॉइंटच्या झाडांचा उल्लेख माझ्यासारख्यांसाठी सोडलेला दिसतो, म्हणून लिहिते. उद्यानशास्त्र हा माझा व्यवसाय आहे आणि समुद्रालगतच्या बागा हे त्यातले सर्वांत कठीण काम आहे.

मलबार टेकडी काळ्या पाषाणाची आहे. वर मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि कातळ. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा लाटांचे तुषार घेऊन थेट टेकडीवर आपटतो. पानांवर मीठ बसते, कडा करपतात, आणि वाऱ्याच्या बाजूच्या फांद्या खुरटून झाड एका अंगाला झुकते. गुलाबाच्या किंवा शोभिवंत परदेशी झाडांच्या नाजूक जाती अशा ठिकाणी उघड्यावर तग धरत नाहीत. म्हणून समुद्रकाठच्या जाणत्या माळ्याचे पहिले काम म्हणजे वारा अडवणाऱ्या झाडांची पट्टी उभी करणे. उंडी, भेंड, करंज, नारळ आणि केवडा ही झाडे आपल्या किनाऱ्याचीच. त्यांची पाने जाड किंवा चकचकीत असल्याने मिठाचा मारा सोसतात. या झाडांच्या आडोशाला, म्हणजे टेकडीच्या पूर्वेकडच्या उतारावर, मग बाकीची बाग करता येते. गव्हर्नर आले ते या कड्यावरच्या जंगलाच्या आश्रयाला आले, आणि त्या आवारात आजही हिरवळीइतकीच दाट झाडी आहे व तिच्यात मोर राहतात, याचे श्रेय मी आधी त्या झाडीला देईन.

गव्हर्नरांच्या हंगामी मुक्कामाचा जो क्रम वर आला आहे, तो बागकामाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मुंबईची बाग नोव्हेंबर ते मार्च या काळात फुललेली दिसायला हवी असेल, तर हंगामी फुलांचे बी सप्टेंबरअखेरीस रोपवाटिकेत पडायला हवे आणि पाऊस ओसरताच रोपे वाफ्यांत जायला हवीत. त्याआधी पावसाने घट्ट बसलेली माती भुसभुशीत करून शेणखत मिसळणे, तण काढणे, पाण्याचे चर साफ करणे ही सगळी कामे मालक नसताना, भर पावसात व्हायची. गणेशखिंडीचे वेळापत्रक याच्या उलटे: तिथे पावसाळ्यात बहर हवा, म्हणजे तयारी वैशाखाच्या उन्हात. माळ्यांच्या श्रमांचा इतिहास लिहायचा असेल तर तो या वेळापत्रकांतून लिहिता येईल, कारण कोणत्या महिन्यात किती हात लागले असतील हे बागेच्या गरजांवरून सांगता येते.

आणखी एक. साकळाई देवी, म्हणजेच श्रीगुंडी, हे कोळी बांधवांचे श्रद्धास्थान याच आवारात आहे. वाळकेश्वर आणि बाणगंगा तर अगदी शेजारी. देवस्थानाभोवतीची झाडे तोडायची नाहीत ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यामुळे इथल्या झाडीचा इतिहास एल्फिन्स्टनच्या बंगल्यापासून सुरू झाला असे मानू नये.

माळरान

नोकरीनिमित्त मुंबईत असलो तरी घरची शेती सांगोला भागात आहे, म्हणून ‘गणेश’ डाळिंबाविषयी दोन शब्द.

सत्तरच्या दशकात हे वाण ‘गणेश’ या नावाने पुढे आले. त्याआधीच्या स्थानिक डाळिंबांचे दाणे टणक असत. ‘गणेश’चे बी मऊ, त्यामुळे खाणाऱ्याला ते एकदम पसंत पडले. दाण्याचा रंग मात्र फिका गुलाबी. निर्यातीच्या बाजाराला गडद लाल रंग हवा होता, म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ‘गणेश’चा ‘गुल-ए-शाह रेड’ या परदेशी वाणाशी संकर झाला, आणि त्या वंशातून ‘मृदुला’ आणि ‘भगवा’ आले. आज सोलापूर, नाशिक, सांगली, अहिल्यानगर या जिल्ह्यांत जिकडे पाहाल तिकडे ‘भगवा’ आहे. म्हणजे बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक डाळिंबात अर्धे रक्त गणेशखिंडीचे आहे. हलक्या, मुरमाड, कमी पाण्याच्या जमिनीत उभे राहणारे हे पीक आमच्याकडे आले नसते तर कित्येक घरे कायमची मुंबईला आली असती.

तेल्या या जिवाणूजन्य रोगाने या बागा आता वारंवार संकटात येतात. नवे वाण शोधायचे तर जुन्या जातींची झाडे कुठेतरी जिवंत असावी लागतात. गणेशखिंड उद्यानाला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तो दर्जा शोभेचा नाही. जुने आंबे, जुने पेरू, जुनी डाळिंबे तिथे राहिली पाहिजेत.

सागरगोटा (धागाकर्ता)

भेंडीचे पान आणि माळरान, आपल्या दोघांच्या प्रतिसादांमुळे हा धागा मूळ लेखापेक्षा मोलाचा झाला आहे. माळरान यांनी जिवंत झाडांचा मुद्दा मांडला आहे, त्यावरून एक ठोस सूचना करतो.

मलबार पॉइंटच्या आवारात २०१६ मध्ये इंग्रजांच्या काळातले भुयार सापडले. बंद पडलेल्या त्या तेरा दालनांची डागडुजी झाली, तिथे संग्रहालय झाले आणि लोक ते पाहायला जाऊ लागले. जमिनीखालच्या दारूगोळ्याच्या कोठारांना जो मान मिळाला, तो जमिनीवरच्या वृक्षांनाही मिळावा असे मला मनापासून वाटते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार नागरी भागात ठरावीक काळाने वृक्षगणना करावी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे. कायद्याचा आधार तयार आहे. उणीव आहे ती गणनेच्या तक्त्यात इतिहासाचा रकाना जोडण्याची.

सुरुवात परळपासून करावी, कारण तिथले आवार लहान आहे आणि बागेच्या समाप्तीचा काळ निश्चित आहे. हाफकिन संस्थेच्या परवानगीने तिथल्या मोठ्या झाडांचा घेर मोजून, जात नोंदवून, ती यादी ग्रॅहमच्या १८३९ च्या सूचीशी ताडून पाहिली, तर कोणत्या जाती त्या काळीच मुंबईत होत्या आणि कोणत्या नंतर आल्या हे वेगळे काढता येईल. भेंडीचे पान, झाडे ओळखण्याचे काम आपण स्वीकाराल का? गिरणगावकर, आवारात काम केलेल्या निवृत्त माळ्यांशी आणि कामगारांशी बोलणे आपल्याला सर्वांत सोपे जाईल. त्यांची संमती घेऊन त्यांची नावे यादीत झाडांच्या शेजारीच लिहू. संस्थेला द्यायच्या विनंतीपत्राचा मसुदा मी या आठवड्यात इथेच टाकतो, त्यात प्रत्येकाने आपली दुरुस्ती सुचवावी.